पाणी साफ झालं तो आठवडा

८ नोव्हेंबर, शनिवार. त्या दिवशीचं काम होतं सोसायटीच्या तलावातले मेलेले मासे काढायचं, आणि ते ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. ऊन चढलं की वास वरच्या मजल्यांपर्यंत जातो आणि फोन माझाच वाजतो. तलाव समितीची प्रमुख मी. समितीत सुरुवातीला बरेच जण होते. आता मी आहे आणि बागेचं काम करणारे दोघे आहेत. ते पगार मिळतो म्हणून आहेत.

मासे पांढरी पोटं वर करून जुन्या दगडी पायऱ्यांपाशी गोळा झाले होते. वाऱ्यानं सगळे एकाच कडेला आणून ठेवले, तेवढी मेहनत वाचली. बांबूला बांधलेली जाळी, दोन घमेली, एक हातगाडी. मी सलवार गुडघ्यापर्यंत चढवली, रबरी हातमोजे घातले आणि सुरुवात केली. एकेक मासा हातभर लांब. तलावात आणले तेव्हा बोटाएवढे होते, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आले होते. आणवले मीच होते.

वरच्या पायरीवर माझे सासरे बसले होते. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात रोजच्यासारखे कणकेचे गोळे. डबा उघडला नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले, "एखादा जित्ता असन ना वं?"

"दिसत नाही, बाबा."

"खालते? बुडाशी?"

"खाली हवाच नाही. खाली असते तर तेही वर आले असते."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं आणि या माशांशिवाय ते कसं करायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. बाहेरच्याला तो विचित्र वाटेल. आमच्या घरात वर्षभर तलाव आणि मासे सोडून दुसरा विषयच नव्हता.

आमची सोसायटी अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे. ट्रकांची रांग आणि गोदामं संपली की डावीकडे आत. नवऱ्याला हिंगण्याचा कारखाना जवळ पडावा म्हणून आम्ही धरमपेठेतलं भाड्याचं घर सोडून इथे आलो. जाहिरातीत तलाव निळा होता. प्रत्यक्षात तो शेतीचा जुना तलाव. बिल्डरनं कडेनं फरश्या बसवल्या, दिव्यांचे खांब लावले आणि पायऱ्या तेवढ्या तशाच ठेवल्या. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून त्यात सोडायचं ठरलं होतं. शुद्ध करायचं यंत्र आहे. कुणी तपासणीला आलं की ते चालतं. एरवी पाणी जसंच्या तसं नाल्यातून तलावात येतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी हे प्रत्येक सभेत सांगते आणि प्रत्येक सभेत त्याची नोंद घेतली जाते.

आधी आली जलकुंभी. एका पावसाळ्यात तिनं निम्मा तलाव झाकला, पुढच्यात पूर्ण. जांभळी फुलं आली तेव्हा लोकांनी पुढे उभं राहून फोटो काढले. मग डास आले, तेव्हा समिती झाली. दोन्ही काठांवर माणसं उभी करायची, मधून जाड दोर टाकायचा आणि जलकुंभीची गादीच्या गादी पायऱ्यांकडे ओढत आणायची, असं ते काम. पहिल्या रविवारी चाळीसेक माणसं आली, कारण नंतर तर्री-पोहे होते. दोन-तीन रविवारांनी पोहे बंद झाले आणि माणसंही. ओढलेली जलकुंभी काठावर ढीग घालून वाळवायची, तिचं खत करायचं, असं एका उत्साही गृहस्थाच्या मनात होतं. पाऊस आला, ढीग घसरला आणि सगळी परत पाण्यात गेली. पुन्हा ओढली. या वेळी ट्रॅक्टरनं बाहेर पाठवली.

वरचं झाकण निघालं तसं ऊन तळापर्यंत गेलं आणि खालून पाणगवत उठलं. केसांसारखं लांब, पायात गुंतणारं. ते दोरानं निघत नाही, तुटतं आणि तुकड्यातुकड्यातून वाढतं. म्हणून मी गवत्या मासे आणवले. त्यांचं अन्न तेच. त्यांनी गवत खाल्लंही, फार चांगलं खाल्लं. मग पाणीच हिरवं व्हायला लागलं. त्याचंही आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. नाल्यातून घाण येते तेवढी येतच राहते, ती कुणाच्या तरी पोटात जाणार. जलकुंभीनं नाही खाल्ली तर गवत खातं, गवतानं नाही खाल्ली तर शेवाळ खातं. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी काम चालू ठेवलं, कारण नाही ठेवलं तर काय होतं तेही पाहिलं होतं.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या जलकुंभीच्या दिवसांत. काटोलकडच्या गावी त्यांची संत्र्याची बाग, ती पुतण्याच्या हवाली करून दोघं इकडे आले, कारण सासूबाईंचे गुडघे गेले होते. त्यांना खिडकीत खुर्ची टाकून दिली होती. त्या खाली पाहायच्या आणि दिवसातून एकदा तरी नवऱ्याला सुनवायच्या.

"तलाव दाखवतो म्हणून आणलं मले. अन् गटारावर आणून बसवलं."

"होते साफ. सूनबाई करून राह्यली ना."

"तुमची सूनबाई काय काय करन? तुम्ही काहून नाई जात? हात झडले का?"

बाबा हसायचे. मागच्या कार्तिकात त्या गेल्या. शेवटच्या दिवसांतही त्यांची खुर्ची खिडकीतच होती आणि बोलणंही तेच.

दहाव्याचे विधी आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर केले. नवऱ्यानं पिंड ठेवला आणि आम्ही बाजूला होऊन कावळ्याची वाट पाहत बसलो. आमच्या सोसायटीत कावळे नाहीत. झाडं तोडली तेव्हा ते गेले. आता सगळी कबुतरं. नवऱ्यानं हात जोडून एकेक कबूल करायला सुरुवात केली. आई, बाग विकणार नाही. आई, बाबांना सांभाळीन. आई, गावच्या देवळाचं काम पुरं करीन. एक कबुतर आलं, तेही गुरुजींनी हाकललं. तासाभरानं बाबा उठून पिंडापाशी गेले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "वर्षाच्या आत तलाव साफ करून देतो तुले. झालं? घे आता."

कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिंड पाण्यात सोडायला सांगितला. नवऱ्यानं सोडला. तळातून सावल्या वर आल्या, पाणी ढवळलं आणि पिंड नाहीसा झाला. गवत्याच ते. तोंडासमोर शिजलेला भात आला, त्यांनी खाल्ला.

बाबा मागे वळले. "घेतलं वं तिनं," ते मला म्हणाले. "आयकलं म्हणजे."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी डबा घेऊन जायला लागले. आधी त्यांचे चार गोळे होते. मग ती गोष्ट सोसायटीत फिरली आणि इतरही यायला लागले. कुणाला शनीचा त्रास होता, कुणाच्या मुलाचं लग्न अडलं होतं. पोळ्या, मुरमुरे, शिळा भात, पावाच्या कडा. अमावस्येला तर बाहेरच्या गाड्या यायच्या. मी पाटी लावली, 'माशांना खाद्य टाकू नये.' लोक तिच्यावर पिशवी अडकवून दोन्ही हातांनी खाद्य टाकायचे. मासे फुगत गेले, पाणगवताकडे ढुंकून पाहीनात, आणि जे खाल्लं जात नव्हतं ते तळाशी कुजून पाणी आणखी हिरवं होत होतं. पावसाळ्यानंतर तर वाटलेल्या पालकासारखं दिसायला लागलं.

बाहेरच्यांना बोलायचं तर सुरुवात घरातून करायला हवी, म्हणून मी बाबांना एकदा समोर बसवून सांगितलं.

"बाबा, ते मासे गवत खायला आणलेत. पोळी मिळाली तर गवत कशाला खातील?"

"तुह्यापुढं पुरण ठेवलं तर तू कारलं खाशीन का?"

"तेच म्हणतेय मी. पुरण ठेवू नका."

"आता घरी आल्याले उपाशी पाठवू?"

"तुम्हीच आईंना तलाव साफ करून देतो म्हणालात. या गोळ्यांनी तो घाण होतो."

हे त्यांना लागलं. दोन दिवस ते डबा न घेता पायऱ्यांवर जाऊन बसले. मासे पायऱ्यांपाशी येऊन तोंडं उघडत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कणीक भिजवली. मी पुन्हा काही म्हटलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सकाळी उठायला दुसरं कारण मी देऊ शकत नव्हते.

पण त्या बोलण्यानंतर त्यांनी वर्ष मोजायला घेतलं. कॅलेंडरवरच्या तिथीकडे पाहायचे आणि खिडकीतून खाली पाहायचे. "होईन का वं तवपर्यंत?" मी म्हणायचे, प्रयत्न चालू आहे. प्रयत्न काय, तर आम्ही तिघं जाळीनं शेवाळाचा थर ओढत होतो आणि तो दुसऱ्या दिवशी परत येत होता. अध्यक्षांनी सभेत सुचवलं की औषध मारून मोकळे होऊ. मी नाही म्हटलं. इतकं शेवाळ एकदम मेलं की पाण्यात सडतं, सडताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. मी ते वाचून गेले होते, सांगितलं, त्याचीही नोंद झाली. बाबा सभेला नव्हते.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. परत येताना डिकीत संत्र्यांच्या पेट्या होत्या, बाबांचं एक गाठोडं होतं. ते मी उघडून पाहिलं नाही. त्यांचं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाणी फाटल्यासारखं झालं. हिरवा रंग मधूनमधून तुटला, खाली बसायला लागला. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी पायऱ्यांवरून वाकलं तर पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्या दिसत होत्या. त्या पायऱ्या आमच्यापैकी कुणीच पूर्वी पाहिल्या नव्हत्या. संध्याकाळी बायकांनी द्रोणांत दिवे सोडले. अध्यक्ष कुर्ता घालून आले आणि म्हणाले, "मॅडम, समितीचं अभिनंदन. शेवटी करून दाखवलंत."

"आम्ही काही केलेलं नाही," मी म्हटलं.

"हा तुमचा मोठेपणा."

बाबा माझ्या शेजारी उभे होते. नवा सदरा घातला होता. मी त्यांना गेल्या वर्षभरात इतकं खूश पाहिलं नव्हतं. "पाह्य," ते म्हणाले, "तळ दिसून राह्यला. तिथीच्या आत झालं का नाई?"

मी म्हटलं, झालं. पण मला ते आवडलं नव्हतं. शेवाळ असं आपोआप जात नाही, थंडीनं तर नाहीच. आणि पाण्याला वास येत होता, बंद डब्यात राहिलेल्या भाजीसारखा. मी बागेच्या माणसांना विचारलं, काही टाकलं का. नाही म्हणाले. मग शनिवारी सकाळी चौकीदाराचा फोन आला.

मासे काढून झाले तेव्हा नऊ वाजले होते. नाल्याच्या पलीकडे खड्डा खणून ठेवला होता, त्यात टाकले, वरून चुना. खणलेली माती बागेत गेली होती, वर घालायला कमी पडली. उरलेली संध्याकाळी आणू म्हणून बागेची माणसं गेली. मी हातमोजे धुवायला घरी आले आणि ते वाळत घालायला मागच्या बाल्कनीत गेले. तिथे बादलीमागे एक गोणपाट घडी करून ठेवलेलं होतं. आतून अजून दमट होतं, आणि शिवणीला निळं होतं. बाजूला दोरीची गुंडाळी, तीही अर्धी निळी.

संत्र्याच्या घरात आलेल्या सुनेला तो निळा रंग सांगावा लागत नाही. मोरचूद. चुन्यात कालवून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संत्र्याच्या बुंध्यांना लावतात, बुरशी मरते. पाण्यात पडलं तर शेवाळही. सासऱ्यांनी उभा जन्म ते लावलं.

मी खाली गेले. ते अजून पायरीवरच होते.

"बाबा, मोरचूद टाकलं?"

"हो."

"कधी?"

"गावावून आलो तवाच. सकाळी कोणी नसते. पोत्यात बांधलं अन् काठाकाठानं वढत नेलं. सारा तलाव फिरलो." त्यांनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं. "दोन चकरा मारल्या."

"किती होतं?"

"बागेले लागते तेवढं."

"सगळ्या बागेला?"

"साऱ्या."

मी हिशेब केला नाही. करून उपयोग नव्हता.

"मला विचारायचं होतं, बाबा."

"तुले इचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं."

"हो."

"मंग?"

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. ते म्हणाले, "बुरशी मरते, झाड नाई मरत. पन्नास वर्षं केलं म्या. झाड कधी मेलं नाई वं."

"इथे झाड नव्हतं, बाबा. पाणी होतं."

"हो," ते म्हणाले. "पाणी होतं."

नवरा कारखान्यातून दुपारी आला. त्याला सांगितलं. तो चिडून वडिलांच्या खोलीपर्यंत गेला, दारातून परत आला आणि म्हणाला, "उद्याचं दुसरीकडे करू. गावी जाऊ सकाळी." बाबांना आतून ऐकू गेलं.

"कुठंच जात नाई गा मी," ते म्हणाले. "अथी कबूल केलं, अथीच करीन."

अध्यक्षांना मी एवढंच कळवलं की मासे हवा कमी पडून मेले. ते खरंच होतं. तळाशी मेलेलं शेवाळ, त्यावर वर्षभराच्या पोळ्या, वरून नाला. मोरचुदानं ते आठवड्यात झालं. एरवी कदाचित उन्हाळ्यात झालं असतं. असं मी स्वतःला सांगत नाही, नवऱ्याला सांगितलं, कारण त्याला त्या रात्री झोपायचं होतं.

माती आणायला संध्याकाळी कुणी आलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पायऱ्यांवर गेलो तेव्हा पलीकडच्या काठावर कावळे होते. इतके कावळे मी या भागात पाहिले नव्हते. कुठून आले देव जाणे, पण खड्डा त्यांना बरोबर सापडला होता. चुन्याखालून मासे ओढून काढत होते, भांडत होते, दिव्याच्या खांबांवर चोची घासत होते. गुरुजी गाडीवरून उतरले आणि पाहतच राहिले.

"यंदा बरेच आहेत की," ते म्हणाले. "यंदा वेळ नाही लागणार."

विधी झाले. नवऱ्यानं पिंड ठेवला, कावळ्याचा घास वेगळा ठेवला, आम्ही मागे झालो. बाबा पुढच्या पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर. डबा त्यांच्याजवळ होता. सवयीनं आणला होता. एक कावळा आमच्या बाजूच्या खांबावर येऊन बसला. नवऱ्यानं हात जोडले. कावळ्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं, पंख झटकले आणि परत पलीकडे गेला. मग कुणी आलं नाही. त्यांची पोटं भरलेली होती.

ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भ काढला. मागच्या वर्षीसारखंच केलं आणि पिंड पाण्यात सोडायला सांगितला. नवऱ्यानं सोडला. पाणी स्वच्छ होतं. पिंड बुडून तिसऱ्या पायरीवर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. भाताची शितं वेगवेगळी दिसत होती.

आम्ही सगळे ते पाहत उभे होतो. गुरुजींनी सामान आवरायला घेतलं.

"साफ पाणी भेटलं म्हणाव का तिले?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे पाहून विचारलं, मुलाकडे नाही.

"पाणी साफ आहे, बाबा."

"अन् राहीन?"

"नाही राहणार."

"किती दिवस?"

"नाला चालूच आहे. ऊन वाढलं की परत हिरवं होईल. त्याच्या आधी जलकुंभी येईल."

त्यांनी मान हलवली. नवरा गुरुजींना सोडायला वर गेला.

मी नाल्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. दगडांच्या फटीत जलकुंभीचं एक रोप अडकलं होतं, तळहाताएवढं, पानं नुकती फुगलेली. उपटलं. ठेवायला काही नव्हतं आणि काठावर टाकायची चूक आम्ही एकदा केली होती. परत आले, बाबांच्या जवळचा डबा घेतला, कणकेचे गोळे कडेच्या मातीत दाबले आणि रोप डब्यात टाकून झाकण लावलं. बाबा पाहत होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

दोघं वर आलो. रोप कचऱ्यात टाकलं, डबा घासला, पालथा घातला. बागेच्या माणसांना फोन करून सांगितलं की माती आजच हवी, खड्डा उघडा आहे. जेवायला माणसं यायची होती. वड्यांची डाळ भिजलेली होती, ती वाटायला घेतली.